वाचलेल्यांचे वाक्य

“गोवर काय, आम्हां सगळ्यांनाच येऊन गेला.” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तर ऐकलेले आहेच. परंतु अलीकडे ते साहित्याच्या विभागांत, प्राध्यापकांच्या खोलीत, चर्चासत्राच्या मधल्या चहाच्या वेळी आणि क्वचित थेट व्यासपीठावरूनही ऐकू येऊ लागले आहे. व्यासपीठावर त्याचा पोशाख तेवढा बदलतो. तिथे ते असे येते : लोकसंस्कृतीने गोवराला शत्रू मानले नव्हते, पाहुणा मानले होते, त्याच्या येण्याजाण्याचे विधी होते, आधुनिक राज्यसंस्थेने हातात सुई घेतली आणि हे सहजीवन संपवले. ऐकणारे माना डोलावतात, टिपणे घेतली जातात. या वाक्याच्या घरगुती आणि सैद्धान्तिक अशा दोन्ही रूपांना आमचा विरोध आहे आणि तो येथे स्पष्ट शब्दांत नोंदवावा असे आम्हांस वाटते.

आम्ही वैद्यकाचे जाणकार नाही. साहित्य वाचणे आणि शिकवणे एवढाच आमचा अधिकार. परंतु प्रस्तुत वाद मुळात एका वाक्याच्या वाचनाचा आहे, आणि वाक्य कसे वाचावे हे आपल्याला कळते, असा दावा आपला व्यवसाय करीत असतो. सबब ही जबाबदारी डॉक्टरांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

१.

प्रथम घरगुती वाक्य घेऊ. ‘येऊन गेला’ म्हणताना येणे आणि जाणे एका श्वासात उरकते. मधल्या दिवसांचा उल्लेख त्यात नाही. कर्ता गोवर आहे, मूल नाही. आणि वाक्य बोलणारा कोण? ज्याला सोडून गोवर गेला तो. ज्याला तो सोबत घेऊन गेला, त्याला हे वाक्य उच्चारण्याची संधीच मिळाली नाही. मराठीत ‘वाचणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. त्यांतल्या दुसऱ्या अर्थाने हे वाक्य वाचलेल्यांचे आहे. ते प्रामाणिक असेल, अनुभवाचे असेल. पण ती एका बाजूची साक्ष आहे. निवेदकाला सगळे ठाऊक असतेच असे नाही, त्याने काय सांगितले याइतकेच तो कोठून बोलतो आहे हे पाहावे, असे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कादंबरी शिकवताना सांगतो. मग आजोबांचे हे वाक्य ऐकताना आपली ही शिकवण कोठे जाते?

न वाचलेल्यांची नोंद कोठेच नाही असेही नाही. ती भाषेत आहे. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली. आधीची मुले जगली नाहीत, निदान या मुलाकडे मृत्यूचे लक्ष जाऊ नये, म्हणून त्याला दगड म्हणायचे, केर म्हणायचे, भीक मागून आणलेला म्हणायचे. आधीची ती मुले एकट्या गोवरानेच गेली असे अर्थातच नाही. देवी होती, पटकी होती, हगवण होती, दुष्काळ होते. पण ‘पूर्वी कोणाला काही होत नसे’ असे म्हणणाऱ्याने जुन्या हजेरीपटांतली ही नावे एकदा वाचावीत. प्रत्येक धोंडूच्या मागे एखादे तरी मूल उभे आहे, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

तीच गोष्ट विधींची. गोवर निघालेल्या मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवत. घरात फोडणी बंद. दाराला, उशाशी कडुनिंबाचा पाला. पुरळ नीट बाहेर न पडता गोवर ‘आत राहिला’ तर धोका, ही समजूत. या सगळ्याला ‘आतिथ्य’ म्हणणे हे लोकसंस्कृतीचे वाचन नव्हे. ती आपली सोय आहे. पाहुणा आला म्हणून कोणी फोडणी बंद करीत नाही. ते घर पाहुण्याच्या आनंदात नव्हते, भीतीने पाऊल न वाजवता चालत होते. ज्या बायांनी हे विधी केले, त्यांना गोवर काय करू शकतो याची जाण आजच्या कित्येक सुशिक्षितांपेक्षा अधिक होती. त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता, एवढेच. त्यांच्या भीतीला आपण शहाणपणाचे नाव देतो, तेव्हा त्यांचा गौरव होत नाही. त्यांचे म्हणणे आपण ऐकलेले नाही, एवढेच सिद्ध होते.

गोवराची पहिली लस १९६३ साली वापरात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यापूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे, बहुतांशी मुले, गोवराने मरत होती. ‘येऊन गेला’ या वाक्यात न मावणारा हा आकडा आहे.

२.

‘गोवर येऊन गेला की अंग कणखर होते’ हा याच वाक्याचा पुढचा भाग. हे विधान तपासण्यासारखे आहे, कारण त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि तिच्या आधाराने एक खोटी गोष्ट उभी केली जाते.

खरी गोष्ट अशी. १८४६ साली डेन्मार्कच्या अमलाखालील फेरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पानुम नावाच्या तरुण डॉक्टरला तेथे पाठवण्यात आले. बेटांवरच्या ७,७८२ रहिवाशांपैकी सुमारे ६,००० जण काही महिन्यांत आजारी पडले. यापूर्वीची साथ १७८१ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी, आलेली होती. पानुमला असे दिसले की त्या जुन्या साथीत ज्यांना गोवर झाला होता ते म्हातारे या खेपेस सुटले, आणि ज्यांना तेव्हा तो झाला नव्हता ते म्हातारे मुलांबरोबरच अंथरुणाला खिळले. शरीर गोवराला ६५ वर्षांनंतरही ओळखते, हे त्याने दाखवून दिले. लस याच ओळखीवर उभी आहे. १९५४ साली बॉस्टनमध्ये जॉन एंडर्स आणि टॉमस पीबल्स यांनी एका आजारी शाळकरी मुलाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला आणि पुढे तो दुर्बळ करून लस तयार झाली. शरीराला ओळख पटते, पण तिची किंमत आजारपणाने मोजावी लागत नाही.

आता खोटी गोष्ट. गोवर स्वतःची आठवण ठेवून जातो, परंतु इतर रोगांच्या आठवणी पुसून जातो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या समाजातील ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासणारे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या निरनिराळ्या आजारांविरुद्ध त्या मुलांच्या शरीरात जी प्रतिपिंडे होती, त्यांपैकी ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. लस घेतलेल्या मुलांत असे विस्मरण दिसले नाही. म्हणजे गोवर अंग कणखर करीत नाही. आधी कमावलेला कणखरपणा तो काढून घेतो, आणि तो परत मिळवायला मुलाला महिने, कधी वर्षे लागतात.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते, आणि तिच्याकडे साहित्याच्या वाचकाने तरी दुर्लक्ष करू नये. पुरळ मावळते, घरात पुन्हा फोडणी पडते, ‘गोवर गेला’ असे सगळे म्हणतात. आणि काही आठवड्यांनी तेच मूल न्यूमोनियाने किंवा जुलाबाने जाते. कुटुंबाच्या आठवणीत ते मूल न्यूमोनियाने गेले. गोवराच्या खात्यावर त्याची नोंद होत नाही. क्वचित प्रसंगी तर विषाणू मेंदूत दबून राहतो आणि सात-दहा वर्षांनी असाध्य विकार होऊन उठतो. ‘येऊन गेला’ हे वाक्य त्या वेळी अर्धेच खरे असते. तो आलेला असतो, गेलेला नसतो.

‘हा गरिबीचा रोग आहे, सकस अन्न मिळाले की गोवर आपोआप निरुपद्रवी होतो’ हा युक्तिवादही आपल्या डाव्या मित्रांकडून ऐकायला मिळतो. कुपोषणाने आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावाने गोवर अधिक घातक होतो, मुले आंधळी होतात, हे सत्य आहे. पण भरलेल्या पोटाला गोवर ओळखत नाही असे नाही. इंग्रजी बालसाहित्य शिकवणाऱ्यांना रोआल्ड डाल हे नाव सांगायला नको. त्याची थोरली मुलगी ऑलिव्हिया १९६२ साली, वयाच्या सातव्या वर्षी, गोवरातून उद्भवलेल्या मेंदूच्या सुजेने गेली. सुखवस्तू घर, इंग्लंडसारखा देश, डॉक्टर हाताशी. लस मात्र तेव्हा उपलब्ध नव्हती. पुढे १९८६ साली डालने पालकांना उद्देशून, मुलांना लस टोचून घ्या असे विनवणारे एक टिपण लिहिले. त्याच्या गोष्टी आपण अभ्यासक्रमात लावतो. ते टिपण लावत नाही.

३.

आता सैद्धान्तिक रूपाकडे वळू. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी फुको वाचलेला आहे, निदान त्याच्याविषयी वाचलेले आहे. इव्हान इलिचचे वैद्यकसंस्थेवरचे आक्षेप परिचित आहेत. सत्ता माणसाच्या देहावर, जन्ममृत्यूवर, लोकसंख्येच्या आकड्यांवर कशी काम करते, ही दृष्टी या विचारवंतांनी दिली आणि ती मोलाची आहे. ती आम्ही टाकून देऊ इच्छीत नाही. आपल्याकडे तर या दृष्टीला पुराव्यांची वाण नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ६० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या कित्येक दडपणाखाली झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. शेजारच्या पाकिस्तानात, अबोटाबादमध्ये, अमेरिकी गुप्तहेर संस्थेने २०११ साली बिन लादेनच्या शोधासाठी काविळीच्या लसीकरणाचे सोंग रचले. तेव्हा सुईकडे पाहून ज्याच्या मनात पाल चुकचुकते, त्याला खुळा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण संशय ही वाचनाची सुरुवात आहे, शेवट नव्हे. आणीबाणीतली नसबंदी आणि गोवराची लस या दोहोंत सरकार आहे, सुई किंवा शस्त्र आहे, आकड्यांची उद्दिष्टे आहेत, एवढ्या साम्यावर दोन्ही एक ठरवणे म्हणजे दोन कवितांत चंद्र आहे म्हणून त्या एकाच कवीच्या ठरवण्यासारखे आहे. पहिल्या कृतीने माणसाची पुढची मुले हिरावून घेतली. दुसरी कृती झालेली मुले वाचवते. हा फरक ज्या सिद्धान्ताला दिसत नाही, त्या सिद्धान्तात दोष नसेल तर वाचणाऱ्यात आहे.

शिवाय हा संशय एकाच दिशेने का वाहतो? १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या १२ मुलांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची शंका जगभर पसरली. लस बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून त्याला पैसे मिळत होते; गोवराच्या स्वतंत्र लशीच्या पेटंटसाठी त्याने स्वतः अर्ज केलेला होता. २०१० साली तो निबंध मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी वेकफील्डचा वैद्यकीचा परवाना रद्द झाला. सत्ता, पैसा, संहिता, हितसंबंध : आपण ज्या ज्या गोष्टींचा शोध घ्यायला शिकवतो त्या सगळ्या या एका निबंधात होत्या. संशयाचे सर्वांत मोठे पीक ज्याने काढले, त्याच्याच संहितेचे संशयपूर्वक वाचन करणे आपल्या चर्चासत्रांना कधी सुचले नाही. प्रस्थापिताविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण आपोआप दुर्बळांच्या बाजूचा असतो, हा भाबडेपणा टीकाशास्त्राला शोभणारा नाही.

४.

हा सगळा वाद हवेतला नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून मुंबईत गोवराची साथ पसरली आणि तिचा पहिला घाव गोवंडीवर, देवनारच्या कचराभूमीलगतच्या वस्त्यांवर, पडला. मुंबईत दहाहून अधिक बालकांचा मृत्यू झाला. मालेगाव आणि भिवंडीतही साथ पोचली. ही मुले मृत्युमुखी पडत होती तेथून साधारण दीडशे किलोमीटरवर पुणे आहे, आणि जगातल्या गोवर-लशीच्या उत्पादनाचा मोठा वाटा त्याच पुण्यात तयार होतो.

हे अंतर कशाने निर्माण झाले? येथे आम्हांला दुसऱ्या पक्षाशीही भांडायचे आहे. साथीच्या दिवसांत वृत्तपत्रांतून आणि अधिकाऱ्यांच्या तोंडून ‘अज्ञान’, ‘गैरसमज’, ‘पालकांचा नकार’ हे शब्द सारखे येत होते. नकार होता, हे खरे. गोवर-रुबेलाच्या लशीने मुले पुढे वंध्य होतात अशी अफवा महाराष्ट्रातील नोव्हेंबर २०१८ च्या मोहिमेतही मोबाइलवरून फिरत होती. पण केवळ अफवेने गोवंडी घडत नाही. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीच्या लसीकरणाची घडी विस्कटली. हातावर पोट असलेल्या बाईला लसीकरणाच्या वारी घरी थांबणे म्हणजे एक रोज बुडवणे. भाड्याची खोली सुटली की पत्ता बदलतो, गावी जाऊन आले की कार्ड हरवते, आणि यादीत नाव नसलेले मूल कोणालाच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ११ लाख अर्भकांना गोवराचा पहिला डोस मिळालाच नव्हता. या सगळ्यांच्या आयांनी ‘नकार’ दिला होता काय? ज्यांच्यापर्यंत कोणी पोचलेच नाही, त्यांना ‘नकार देणारे’ म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

तेव्हा आमची तक्रार दुहेरी आहे. अधिकाऱ्याची भाषा गोवंडीच्या आईला अडाणी ठरवते. आपल्या चर्चासत्राची भाषा तिला प्रतिकाराची नायिका ठरवते. दोघांपैकी कोणीही तिला विचारत नाही की बाई, लस कोठे मिळते हे तुला कोणी सांगितले होते का, आणि त्या दिवशी तुझा रोज कोणी भरून देणार होते का?

५.

विश्वास गमावला की काय होते, हे सामोआ या प्रशांत महासागरातील लहानशा देशाने पाहिले आहे. तेथे जुलै २०१८ मध्ये लस टोचल्यानंतर दोन बाळे दगावली. लशीत दोष नव्हता. लशीची भुकटी विरघळवताना परिचारिकांनी पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले होते. त्या आईबापांचा आक्रोश खरा होता, लोकांची भीतीही निराधार नव्हती. सरकारने लसीकरण काही महिने थांबवले. बाहेरच्या लसविरोधकांनी ती भीती वाढवली. लस मिळालेल्या अर्भकांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्याही खाली गेले. २०१९ च्या अखेरीस गोवर आला. अवघ्या दोन लाखांच्या त्या देशात ८३ जण मेले, बहुतेक पाच वर्षांखालील. डिसेंबरमध्ये दोन दिवस सगळे व्यवहार बंद ठेवण्यात आले आणि ज्या घरात कोणी लस न घेतलेले असेल त्यांनी दारावर लाल कापड बांधावे, असे सांगण्यात आले. त्या खुणेने परिचारिका घर शोधीत फिरल्या. कडुनिंबाच्या डहाळीसारखीच ही खूण. फरक एवढाच, की ती पाहून दारात उपाय घेऊन येणारे कोणीतरी होते.

दोन बाळांच्या मृत्यूने उपजलेल्या संशयाने ८३ जीव घेतले. यावर उपाय संशय घेऊ नका असे दटावणे हा नव्हे. चूक झाली तर ती तत्काळ मान्य करणे, चौकशी उघडपणे करणे, आणि लस चालू ठेवणे हा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली, तेव्हा मोहीम मागे पडेल अशी भीती अनेकांनी व्यक्त केली. आमच्या मते संमती मागणे ही लसीकरणाची अडचण नव्हे, त्याचा पाया आहे. विचारलेल्या माणसाचा विश्वास टिकतो; पकडून आणलेल्याचा टिकत नाही.

‘आमचे मूल, आमचा निर्णय’ असे म्हणणाऱ्यांसाठी मात्र एक हिशेब मांडणे भाग आहे. ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशांमध्ये गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. म्हणून साथ रोखायला शंभरातल्या ९५ जणांना संरक्षण लागते. नऊ महिन्यांच्या वयात दिलेला पहिला डोस शंभरातल्या सुमारे ८५ मुलांना वाचवतो. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा. आणि नऊ महिन्यांखालच्या बाळाला एरवी कोणताच डोस नसतो. २०२२ च्या साथीत सहा महिन्यांच्या बाळांना अतिरिक्त डोस द्यावा लागला, तो यासाठीच. ते बाळ ज्यांना कधी भेटलेले नाही अशा इतरांच्या निर्णयावर जगते. हा निर्णय आपल्या घरापुरता आहे असे समजणारा माणूस शेजारच्या पाळण्याविषयीही निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात १,०७,५०० माणसे गोवराने मेली. भारताने २०२३ पर्यंत गोवर हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते हुकले आणि मुदत २०२६ करण्यात आली. मुदती पाळणे किंवा हुकवणे हे सरकारचे काम. आपण वर्गात काय शिकवतो ते आपले. लोकसाहित्याच्या तासाला कडुनिंबाच्या डहाळीविषयी अवश्य बोलावे, पण तिच्यामागच्या भीतीसकट बोलावे. फुको शिकवावा, आणि त्याच आठवड्यात वेकफील्डचा निबंधही त्याच कठोरपणे वाचावा. आणि पुढच्या चर्चासत्रात कोणी चहाचा कप हातात घेऊन ‘आम्हां सगळ्यांनाच येऊन गेला’ असे म्हणाले, तर ‘सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?’ एवढे विचारावे. आम्ही हा प्रश्न आमच्याच घरांत विचारून पाहिला. बहुतेक ठिकाणी क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग कोणीतरी, बरेच दिवस न घेतलेले, एक नाव घेतले.